कुत्र्याच्या गाठीची जीन टेस्ट: कुठे कामाची, कुठे पैसे पाण्यात

"गाठ कॅन्सरची आहे" असा रिपोर्ट हातात पडला की हल्ली सांगली-मिरजेकडेही पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, माणसांची करतात तशी जीन टेस्ट आमच्या टायगरची होईल का? खर्चाचं आम्ही बघतो." प्रश्न रास्त आहे. नमुना बाहेर पाठवता येतो, आणि काही गाठींमध्ये त्या उत्तरावर औषध खरंच बदलतं. बाकीच्या गाठींमध्ये मात्र दोन-तीन आठवडे वाट बघून एक देखणा रंगीत रिपोर्ट मिळतो आणि उपचार होते तेच राहतात. म्हणून कसोटी एकच लावावी. उत्तर 'आहे' असं आलं तर काय देणार आणि 'नाही' असं आलं तर काय देणार, हे नमुना पाठवण्याआधी डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. दोन्ही वेळा तेच औषध द्यायचं असेल तर ते पैसे ऑपरेशनसाठी राखून ठेवावेत.

आधी एक घोळ निस्तरू. 'डीएनए टेस्ट' या नावाखाली तीन वेगळ्या तपासण्या खपतात. एक जातीची, म्हणजे आपला लॅब्रा किती टक्के लॅब्रा आहे ते सांगणारी. कॅन्सरच्या उपचारांशी तिचा संबंध नाही. दुसरी जन्मजात बदलांची. आईबापाकडून आलेला बदल अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो, त्यामुळे गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा स्वॅब किंवा थोडं रक्त पुरतं, आणि ती जन्मात एकदाच करायची. तिसरी खुद्द गाठीची. तिथला बदल त्या गाठीतच घडलेला असतो, म्हणून तिला गाठीचाच तुकडा किंवा गाठीतल्या पेशी लागतात. मांडीवरच्या गाठीसाठी हाताच्या शिरेतलं रक्त पाठवायचं आणि 'बदल आढळला नाही' वाचून निर्धास्त व्हायचं, असं होतं खरं. पण त्या रिपोर्टला काडीचा अर्थ नसतो.

मास्ट सेल ट्यूमर

जीन टेस्टचा सगळ्यात सरळ फायदा कुत्र्याच्या मास्ट सेल ट्यूमरमध्ये आहे. कातडीवरची ही गाठ दिसायला फसवी. कधी केस गेलेला लाल फोड, कधी चरबीच्या गाठीसारखी मऊ, आज फुगलेली तर उद्या बसलेली. बॉक्सर, पग, लॅब्रा यांच्यात ती जास्त आढळते. तिच्या पेशींत हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन ठासून भरलेलं असतं, म्हणून ती दाबून, चोळून बघू नये. दाबली की आजूबाजूची कातडी लाल होऊन सुजते, आणि तेच हिस्टामिन रक्तातून जठरापर्यंत गेलं की आम्ल वाढून अल्सर होतो. कातडीवर गाठ आणि शेण-डांबरासारखी काळी शी, ही जोडी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे. २२ किंवा २३ नंबरची सुई आणि ५ मिलीची सिरिंज. सुई गाठीत घालून, ओढ न देता, चार-पाच वेळा आतबाहेर करायची, मग सिरिंजमध्ये हवा भरून ती सुईतला ऐवज काचेवर उडवायची आणि दुसऱ्या काचेने हलकेच पसरायचं. गाठ मोठी असेल तर आधी एव्हिलसारखं ॲलर्जीविरोधी इंजेक्शन देऊन ठेवतात. स्लाइड हवेत वाळवून लिशमन किंवा गिम्सा रंग दिला की जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या गोल पेशी दिसतात. झटपट रंगाच्या तीन बाटल्यांच्या किटमध्ये हे कण काही वेळा रंगतच नाहीत. तेवढ्यावरून 'मास्ट सेल नाही' म्हणायची घाई करू नये.

इथवर कुठेच जीन टेस्ट आलेली नाही, आणि एवढ्यात येऊही नये. गाठ काढता येण्याजोगी असेल तर ती काढायची. कडेने २ सेंटिमीटर आणि खाली एक निरोगी पडदा, उग्र गाठीत कडेने ३ सेंटिमीटरपर्यंत. मग तुकडा पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा. 'पशुवैद्यकीय' यावर जोर एवढ्यासाठी की मिरजेत माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबना तोटा नाही, आणि ओळखीने तुकडा तिथे टाकायचा मोह होतो. गाठ मास्ट सेलची आहे एवढं तेही सांगतील, पण कुत्र्यांसाठीची ग्रेड, म्हणजे गाठ किती उग्र त्याची पायरी, वेगळी असते. १९८४ची पटनाईक यांची तीन पायऱ्यांची आणि २०११ची किउपेल यांची दोन पायऱ्यांची. दुसरीत मोजून ठरवतात: सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालच्या १० क्षेत्रांत ७ किंवा जास्त पेशी विभागताना दिसल्या, किंवा ३ बहुकेंद्रकी पेशी, किंवा ३ वेडीवाकडी केंद्रकं दिसली, किंवा बऱ्याच पेशींची केंद्रकं अवाजवी मोठी असली, तर हाय ग्रेड. रिपोर्टवर दोन्ही ग्रेड लिहून मागाव्यात.

लो ग्रेड आली, कडा स्वच्छ आल्या, जवळची लसीकाग्रंथी साफ निघाली, तर काम झालं. पुढे सी-किट या जनुकाची तपासणी करून मिळवायचं काही नाही, कारण औषध द्यायचंच नाही. तपासणी करायची ती हाय ग्रेड गाठीत, परत उगवलेल्या गाठीत, ग्रंथीत पसरलेल्या गाठीत, किंवा पापणी-पंजासारख्या जागी, जिथे पुरेशी कड घेऊन कापताच येत नाही.

सी-किट हे मास्ट सेलच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचं जनुक. बाहेरून निरोप आला की ते पेशीला 'वाढ' म्हणून सांगतं आणि निरोप थांबला की गप्प बसतं. त्याच्या एक्झॉन ११ मध्ये, म्हणजे जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यात, काही अक्षरांची तिथल्या तिथे दुबार नक्कल झाली की प्रथिन निरोपाशिवायच चालू राहतं. कुत्र्यांच्या साधारण १० ते ३० टक्के मास्ट सेल गाठींत हा बदल सापडतो आणि हाय ग्रेडमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. एक्झॉन ८ मधला बदल कमी वेळा दिसतो आणि तो असलेल्या गाठी सहसा त्यामानाने सौम्य वागतात. त्यामुळे नुसतं 'सी-किट पॉझिटिव्ह' हे अर्धवट उत्तर आहे. कोणता एक्झॉन ते लिहून आलं पाहिजे. मांजराच्या मास्ट सेल गाठीत गणित वेगळं, तिथे एक्झॉन ८ मधले बदल जास्त आढळतात. मांजराचा नमुना पाठवून फक्त एक्झॉन ११ तपासून घेण्यात हशील नाही.

आता औषधाचं. टोसेरॅनिब, म्हणजे पॅलाडिया, हे हेच प्रथिन बंद पाडणारं, खास कुत्र्यांसाठीचं औषध. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीच्या चाचणीत औषध घेतलेल्या १४५ कुत्र्यांपैकी सी-किटमध्ये बदल असलेल्यांत ६९ टक्के आणि बदल नसलेल्यांत ३७ टक्के कुत्र्यांची गाठ ठळकपणे आक्रसली. हे दोन आकडे एकत्रच वाचावेत. बदल असेल तर शक्यता जवळपास दुप्पट होते, पण बदल नसलेल्यांतही तीनात एकाहून जास्त कुत्र्यांना फायदा झाला. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टने दार बंद होत नाही, फक्त क्रम बदलतो. एक्झॉन ११ पॉझिटिव्ह असेल तर या गोळ्या आधी. निगेटिव्ह असेल तर केमोचं विनब्लास्टिन आणि स्टेरॉइड प्रेडनिसोलोन आधी, गोळ्या नंतर.

पॅलाडिया हाती येणार का, किती दिवसांत आणि कितीला, हे तपासणीच्या आधीच विचारून घ्यावं. औषधच मिळणार नसेल तर रिपोर्ट फ्रेम करून लावायचा का? आपल्याकडे त्याच घराण्यातलं इमॅटिनिब मात्र माणसांच्या औषधांच्या दुकानात जेनेरिक स्वरूपात मिळतं, १०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला होता. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी गाजलेल्या त्या निकालाचा फायदा कुत्र्यांनाही होतो. कुत्र्यांवरच्या प्रसिद्ध अनुभवांत मात्रा दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. ३० किलोच्या कुत्र्याला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या तीन गोळ्या. पण हा हिशोब वाचून कुणी स्वतः सुरुवात करू नये. इमॅटिनिबने काही कुत्र्यांचं यकृत बिघडतं आणि सुरुवातीच्या रक्ततपासणीशिवाय ते लक्षातही येत नाही.

तुकडा बिघडतो तो आपल्याच हातून

लॅबकडून 'डीएनए अपुरा' असा निरोप आला की दोष लॅबला देतात. बहुतेक वेळा तो दोष फॉर्मलिनच्या बाटलीत असतो. बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड नळाच्या पाण्यात अंदाजे मिसळलं की काही दिवसांत ते आंबट होतं, आणि आम्लात डीएनएचे तुकडे पडतात. न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन करायला फार काही लागत नाही. फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. एक लिटर होतं. बाटलीवर तारीख लिहावी.

तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन हवं. लिंबाएवढ्या गाठीला इंजेक्शनच्या कुपीतलं दोन घोट फॉर्मलिन पुरत नाही; वरचा थर घट्ट होतो आणि आतला गाभा कुजतो. गाठ मोठी असेल तर पावाच्या लाद्या कापतात तशा सेंटिमीटरभर अंतराने चिरा द्याव्यात, पण तळाला जोडलेली ठेवावी म्हणजे कडा कुठल्या ते पॅथॉलॉजिस्टला कळतं. वरच्या बाजूला एक आखूड टाका, बाहेरच्या बाजूला एक लांब टाका, आणि तसं कागदावर लिहायचं. बाटली रुंद तोंडाची घ्यावी. सलाइनच्या बाटलीच्या अरुंद तोंडातून मऊ तुकडा आत ढकलता येतो, पण फॉर्मलिनमध्ये तो कडक झाला की बाहेर येत नाही. मग लॅबमधला माणूस बाटली कापतो, तुकड्याचे तुकडे होतात आणि कडांचा रिपोर्ट गेला.

फॉर्मलिनमध्ये २४ ते ४८ तास आदर्श. त्याहून फार जास्त राहिलं तर सूक्ष्मदर्शकाखाली ठीक दिसतं, पण डीएनए खराब होत जातो. शनिवारी ऑपरेशन, सोमवारी सुट्टी, बुधवारी कुरिअर अशी साखळी दिसत असेल तर ४८ तासांनी तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा. फॉर्मलिनमधला तुकडा बर्फात गोठवू नये. हाडाची गाठ असेल तर लॅबला आधीच सांगावं की जीन टेस्ट करायची आहे. हाड मऊ करायला ते सहसा आम्ल वापरतात, आणि त्यात डीएनए संपतो. ईडीटीए या रसायनाने मऊ करायला वेळ लागतो, पण डीएनए टिकतो.

सुईने काढलेल्या स्लाइड आणि फॉर्मलिनची बाटली एकाच डब्यात घालायची नाही. झाकण घट्ट असलं तरी वाफ लागते आणि स्लाइडवरच्या पेशी नीट रंगत नाहीत. दोन वेगळी पाकिटं करावीत. एसटीच्या पार्सलने पाठवायचं असेल तर बाटलीच्या तोंडाला चिकटपट्टी, मग प्लास्टिकची पिशवी, मग शोषून घेणारा कापूस, मग पुठ्ठ्याचा डबा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीच्या घरात असताना रक्ताचा नमुना शुक्रवारी पाठवू नये, रविवारभर तो गोदामात शिजतो.

रिपोर्ट आला की पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कुठे आहे ते विचारून ठेवावं. जीन टेस्ट त्याच ब्लॉकमधून कापलेल्या पातळ कापांवर होते, नव्याने भोसकायची गरज नसते. पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर गाठीचा भाग खुणेने दाखवून दिला तर उत्तम, कारण डीएनए वाचण्याच्या नेहमीच्या सँगर पद्धतीत बदललेला डीएनए एकूण डीएनएच्या साधारण १५-२० टक्क्यांहून कमी असेल तर तो दिसतच नाही. निरोगी कातडी आणि सूज यांचाच भरणा असलेला काप गेला की खोटा निगेटिव्ह येतो. साताऱ्याकडच्यांना खंबाटकी घाटापलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे; गाठीच्या पहिल्या वाचनासाठी तिथल्या विकृतिशास्त्र विभागात चौकशी करावी, जीनची लॅब नंतर शोधावी.

जर्मन शेफर्ड असेल तर ही आधी

जन्मजात तपासण्यांत कॅन्सरच्या दृष्टीने खरी महत्त्वाची एकच: एमडीआर-१. पेशीत शिरलेली काही औषधं बाहेर फेकणाऱ्या पंपाचं हे जनुक. त्यातली चार अक्षरं गळाली की पंप बिघडतो, आणि औषध मेंदूत व अस्थिमज्जेत साचतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कॅट्रिना मिली यांच्या गटाने २००१ मध्ये हा बदल कोली कुत्र्यांत दाखवला. कोली आपल्याकडे विरळच, पण जर्मन शेफर्ड गल्लोगल्ली आहेत, आणि परदेशातल्या नोंदींप्रमाणे त्यांच्यातल्या साधारण दहातल्या एकात हा बदल सापडतो.

कॅन्सरच्या औषधांतली विनक्रिस्टिन, विनब्लास्टिन आणि डॉक्सोरुबिसिन या पंपावर अवलंबून आहेत. सायक्लोफॉस्फामाइड नाही. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली म्हणजे एन/एम असेल तर मात्रा साधारण २५ टक्के कमी करून सुरुवात करतात, दोन्ही बिघडलेली म्हणजे एम/एम असतील तर ५० टक्के. ३० किलोच्या कुत्र्याचं अंगाचं क्षेत्रफळ ०.९७ चौरस मीटर धरतात. विनक्रिस्टिन चौरस मीटरला ०.७ मिलिग्रॅम दिलं तर पूर्ण मात्रा ०.६८ मिलिग्रॅम होते, एन/एममध्ये ०.५१, एम/एममध्ये ०.३४. कुपी एक मिलीत एक मिलिग्रॅमची असते, म्हणजे फरक सिरिंजच्या दोन-तीन रेघांचा. तेवढ्याने पांढऱ्या पेशी कोसळतात की नाही ते ठरतं.

स्वॅब घरीही घेता येतो. खाणं-पाणी देऊन तासभर झालेला असावा. गाल आणि हिरडीच्या मधे स्वॅब १५-२० सेकंद घोळवायचा, हवेत पूर्ण वाळू द्यायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि बुरशी येते. रक्त द्यायचं तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला काढून तपासायची पद्धत, अडवतं.

ही तपासणी कॅन्सर नसतानाही कामाची आहे, विशेषतः गोठा असलेल्या घरात. जनावरांच्या गोचिडांसाठीचं १ टक्का आयव्हरमेक्टिन घरात असतंच. त्यात मिलीमागे १० मिलिग्रॅम औषध असतं, आणि गाईसाठी मात्रा ५० किलोला १ मिली. कुत्र्यालाही गोचीड झालेत म्हणून कुणी ३० किलोच्या जर्मनला तीच १ मिली टोचली तर किलोमागे ३३३ मायक्रोग्रॅम जातात. पंप बिघडलेल्या कुत्र्यात किलोमागे १०० च्या पुढेच धोका सुरू होतो: लाळ गळणं, झोकांड्या जाणं, आंधळ्यासारखं भिंतीवर आदळणं, मग बेशुद्धी.

लघवीत रक्त

वारंवार लघवीत रक्त, अँटिबायोटिक दिलं की चार दिवस बरं आणि पुन्हा तेच. वयस्क कुत्र्यात यामागे मूत्राशयाचा कॅन्सर असू शकतो. बी-रॅफ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदल, व्ही५९५ई, कुत्र्यांच्या मूत्राशयाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये सुमारे ८० ते ८५ टक्के वेळा सापडतो, आणि तो लघवीत गळलेल्या पेशींत दिसतो. म्हणजे कापाकापी नाही. या जागी त्याचा फायदा दुहेरी, कारण पोटातून सुई घालून मूत्राशयाची गाठ टोचली तर सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात. सोनोग्राफीत गाठ दिसत असताना लघवीही सुईने काढू नये.

लागते ३० ते ४० मिली. लहान कुत्रा एका वेळी तेवढी देत नाही, म्हणून लॅबच्या रसायनाच्या डबीत दोन-तीन दिवसांची साठवतात. लांब दांड्याचा स्वच्छ डाव चालतो. मादी बसली की मागून अलगद सरकवायचा. फिनेल मारलेल्या फरशीवरची लघवी उचलून घालू नये. पॉझिटिव्ह आलं तर निदान पक्कं समजायला हरकत नाही. निगेटिव्ह आलं तर कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही, पंधरा-वीस टक्के निसटतातच.

औषधाच्या निवडीत मात्र या उत्तराचा उपयोग अजून मर्यादित. माणसांतलं बी-रॅफ रोखणारं वेमुराफेनिब कुत्र्यांत वापरून पाहिलं गेलं, काहींची गाठ आक्रसलीही, पण परिणाम काही महिनेच टिकला. रोजच्या व्यवहारात पिरॉक्सिकॅम, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पोट भरलेलं असताना, आणि जोडीला मायटोझॅन्ट्रोन किंवा विनब्लास्टिन, हाच पाया आहे. टोकियोतल्या गटाने पिरॉक्सिकॅमला लॅपॅटिनिबची जोड देऊन नुसत्या पिरॉक्सिकॅमपेक्षा स्पष्ट जास्त आयुष्य मिळाल्याचं २०२२ मध्ये दाखवलं. लॅपॅटिनिबही माणसांच्या दुकानात मिळतं, म्हणून ही वाट आपल्यासाठी जास्त खरी.

लिम्फोमा आणि गोचीड ताप

गळ्याखाली, काखेत, गुडघ्यामागे एकाच वेळी गाठी आल्या की लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची, शंका येते. तो बी पेशींचा की टी पेशींचा हे कळलं तर अंदाज बांधता येतो. नेहमीच्या चार औषधांच्या पद्धतीने बी पेशींच्या लिम्फोमात साधारण वर्षभर मिळतं, टीमध्ये त्याच्या निम्मं. पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला जिवंत पेशी थंड ठेवून एक-दोन दिवसांत लॅबमध्ये पोचवाव्या लागतात, सांगलीहून ते जमवणं कसरतीचं. 'पार' नावाची पीसीआर मात्र वाळलेल्या स्लाइडवरूनही होते. सगळ्या पेशी एकाच पेशीची पिल्लावळ आहेत का, हे ती मुख्यतः सांगते.

गोची अशी की एर्लिकिया, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, असलेल्या कुत्र्यातही 'पार' कधीकधी पॉझिटिव्ह येते, आणि आपल्या भागात एर्लिकियाची कमतरता नाही. गाठी, ताप, नाकातून रक्त, प्लेटलेट कमी, हे सगळं दोन्हीकडे दिसू शकतं. म्हणून आधी एर्लिकियाची तपासणी. निघाला तर डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. दुसरी गोष्ट, स्लाइड घेण्याआधी प्रेडनिसोलोन सुरू करू नये. गाठी दोन दिवसांत बसतात, घरचे खूश होतात, आणि नंतर ना स्लाइडमध्ये काही धड दिसत, ना पुढच्या केमोला तेवढा प्रतिसाद मिळत.

जिथे पाठवूच नये

गावातल्या कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी रक्ताळणारी गाठ दिसते ती टीव्हीटी. हा कॅन्सर समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्यातल्या पेशी यजमान कुत्र्याच्या नसतातच. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीत ६० च्या आसपास. जनुकशास्त्राला त्यात केवढं तरी सापडलं आहे, पण उपचाराला त्यातलं काहीच लागत नाही. स्लाइडवर पोकळ्या असलेल्या गोल पेशी दिसल्या की आठवड्याला एक विनक्रिस्टिन, चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते, म्हणून एका फटक्यात लागलेल्या कॅथेटरमधूनच द्यावं.

स्तनांच्या गाठींतही तेच. मादी कुत्रीत साधारण निम्म्या घातक, मांजरात ८५ टक्क्यांहून जास्त. पीआयके३सीए जनुकातले बदल त्यात आढळतात, पण आज निर्णय ठरतो तो गाठीचा आकार, ग्रेड आणि छातीच्या एक्स-रेवर. एक्स-रे तीन बाजूंनी काढा, जीनचे पैसे तिथे लावा.

शंभराच्या आसपास जनुकं एकदम वाचणारे मोठे पॅनेल परदेशात मिळतात. हाडाचा, प्लीहेचा किंवा हिस्टिओसायटिक कॅन्सर असेल आणि नेहमीचे उपाय संपले असतील तर त्याचा विचार करता येतो. पण रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा टीपी५३ हे जनुक येतं, आणि त्याच्यावर औषध नाही. शेजारच्या रकान्यात सुचवलेली औषधं बऱ्याचदा माणसांतल्या पुराव्यावरून आलेली असतात. कागदावर पटणारं कारण कुत्र्यात चालतंच असं नाही. हाडाच्या कॅन्सरमध्ये रॅपामायसिनकडून मोठी आशा होती. कुत्र्यांवरच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांत ते जोडून काही जादा हाती लागलं नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर

टोसेरॅनिब किंवा इमॅटिनिब सुरू करण्याआधी रक्तगणना, यकृत, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं बघावीत. पहिले सहा आठवडे रक्तगणना दर आठवड्याला. टोसेरॅनिबची छापील मात्रा एक दिवसाआड किलोमागे ३.२५ मिलिग्रॅम असली तरी बरेच जण २.५ ते २.७५ वर सोमवार-बुधवार-शुक्रवार देतात. त्रास कमी होतो. जुलाब, उलटी, लंगडणं ही नेहमीची लक्षणं. काळी शी दिसली, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी १००० च्या खाली गेल्या किंवा क्रिएटिनिन २ च्या वर गेलं, तर गोळी थांबवून फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम चालू असेल तर ते आधी सांगा, जठरातून रक्त जाण्याची भीती दुणावते. गोळी तोडायची किंवा कुटायची नाही. हातमोजे घालून अख्खी खव्यात किंवा अंड्यात द्यावी. घरात गरोदर बाई असेल तर गोळी आणि कुत्र्याची घाण दोन्ही दुसऱ्याने हाताळावी.

गाठ डोळ्याच्या अंदाजाने 'कमी वाटते' असं सांगू नका. स्टेशनरीच्या दुकानातला साधा प्लास्टिकचा कॅलिपर घ्या आणि सगळ्यात लांब बाजू मोजून तारखेसह लिहा. मास्ट सेलची गाठ दिवसभरात फुगते-बसते, म्हणून एकाच वेळेला, दोन दिवस लागोपाठ मोजायची. सहाव्या आठवड्यात लांबी ३० टक्क्यांनी घटली असेल तर औषध चालू ठेवायचं. आतापर्यंतच्या सगळ्यात लहान मापापेक्षा २० टक्क्यांनी वाढली असेल तर ते बंद करून पुढच्या औषधाकडे वळायचं, मग जीनच्या रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.